डोंगराची तूट

डोंगर चढण्याआधी माझं वजन पिशवीसकट एकोणऐंशी किलो होतं आणि उतरल्यावर अठ्ठ्याहत्तर किलो तीनशे भरलं. मधल्या सातशे ग्रॅमचा खुलासा होईपर्यंत दाजींनी मला जेवायला बसू दिलं नाही. पानात पिठलं निवत होतं.

"घाम आला," मी म्हणालो.

"घामाचे तीनशे धरले. लघवी?"

"एकदा."

"दोनशे. ऱ्हायले दोनशे. ते वर काय ठिवून आलात?"

मी आठवत बसलो. माझी बायको शेजारी उभी होती, तिनंच सांगून टाकलं. मी वर चार केळी खाल्ली होती. केळी पोटात होती, म्हणजे ती काट्यावर आलीच होती. साली मात्र मी झुडपात टाकल्या होत्या.

"दाजी, साल कुजते की हो."

"कुजती. पन या डोंगराला कुटं केळी लागत्यात? पाहुन्यानं आपला माल खाली आनायचा."

मी परत वर गेलो. साली घेऊन आलो. त्या काट्यावर टाकल्या तर एकशे नव्वद भरल्या. दाजी आकडा बघून म्हणाले, "धा गिराम मुंग्यांनी खाल्लं असंल. बसा जेवायला."

दाजी गेल्याला आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी सांगताना लोक या काट्यापासूनच सुरुवात करतात, म्हणून मीही तशीच केली. पण ते मूळचे काट्यावरचेच. आम्ही एकाच साखर कारखान्यात नोकरीला होतो. मी हिशेब खात्यात, ते वजनकाट्यावर. उसाचा ट्रॅक्टर भरून आला की वजन, रिकामा होऊन निघाला की पुन्हा वजन, मधला फरक तो ऊस. उभी नोकरी त्यांनी हे एकच काम केलं, आणि माणूस, जनावर, लग्न, पाहुणचार, सगळ्या गोष्टींकडे ते याच रीतीनं बघत. आमच्या राहात्याच्या घरी जेवायला आले तेव्हा उठताना बायकोला म्हणाले, "वहिनी, अर्धा किलोच्या आसपास वाढलो बघा." तिला ते आवडलं. आजवर तिच्या स्वयंपाकाची इतकी नेमकी पावती कुणी दिली नव्हती.

कुणाचं तान्हं मूल हातात दिलं तर ते आधी तळहातावर जोखत आणि मग नाव विचारत. बाजारात टोमॅटोवाल्यानं पिशवी हातात ठेवली की काहीच बोलत नसत. नुसते उभे राहत. टोमॅटोवाला थोडा वेळ कळ काढी आणि मग आपणहून दोन टोमॅटो टाकी.

मूळ गाव त्यांचं पुणतांब्याकडचं. निवृत्त झाल्यावर मात्र ते बायकोच्या गावी, भंडारदऱ्याच्या अलीकडे एका डोंगराच्या पायथ्याला जाऊन राहिले. तिथली हवा त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, दम्याला मानवत होती. पुरुषानं सासुरवाडीत कायमचं राहायला जाणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. दाजींना त्याचं काहीच वाटलं नाही. अडचण झाली ती गावाची. जावई चार दिवसांसाठी आला तर त्याला पाट, पंचा, गोडधोड सगळं होतं. पण हा जावई रोजचाच होता आणि त्याला कुणी उलटून बोलू शकत नव्हतं. म्हातारेकोतारे उठून जागा देत. ग्रामसभेत ते काहीही बोलले तरी लोक माना डोलावत. सगळं गाव त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

त्या डोंगरावर वनखात्याचं जंगल आहे. हिरडा, जांभूळ, आंबा, करवंदाच्या जाळ्या, वर मोठं पठार. पावसाळ्यात धबधबे बघायला आणि त्याच्या तोंडावर काजवे बघायला पुण्या-नाशिकची गर्दी लोटते. जाताना लोक काजव्यांचे फोटो घेऊन जातात आणि पठारावर पत्रावळ्या, बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि वाढदिवसाच्या केकचे खोके ठेवून जातात. त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला वनपालसाहेब गावात आले. तरुण, शिडशिडीत आणि कमी बोलणारे. त्यांनी वन समितीला सरळ सांगितलं, "पुढच्या काजव्यांच्या आधी मी स्वतः पठार बघणार आहे. असाच उकिरडा दिसला तर वाट बंद. पर्यटकांनाही आणि तुम्हालाही."

वाट बंद म्हणजे पायथ्याच्या बायकांचं पिठलं-भाकरी बंद, वाटाड्या पोरांचं काम बंद, हिरडा वेचणं बंद. गावाचं निम्मं वर्ष त्या वाटेवर चालत होतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे दाजींचे मेहुणे, शांताराम. ते डोक्याला हात लावून बसले. दाजी मात्र म्हणाले, "मी असताना माज्या सासुरवाडीची वाट बंद? हे हुयाचं न्हाई."

पुढे लगेच धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांतून एकदाच येतो, म्हणून मेहुण्यांनी जरा मोकळ्या हातानं विचारलं, "दाजी, अंगठी करू का कपडे घेऊ?"

"काटा घ्या," दाजी म्हणाले. "कांद्याच्या गोण्या जोखत्यात तसला. मानूस उभा ऱ्हाईल असा."

शांतारामनं काटा आणला. पितळी ताटात अनारसे, वर टोपी-उपरणं, आणि शेजारी दीडशे किलोपर्यंत वजन करणारा काटा. वहिनींनी त्यालाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी तो डोंगराच्या वाटेच्या तोंडाशी, वहिनी ज्या झापात, म्हणजे कुडाच्या खोपटात, पिठलं-भाकरी विकत त्याच्याजवळ मांडला गेला.

रीत सोपी होती. भरून वर, भरून खाली. वर जाणाऱ्यानं पिशवीसकट काट्यावर उभं राहायचं. कारखान्यात ट्रॅक्टरच्या फळीवर खडूनं आकडा टाकायची सवय, म्हणून दाजी माणसाच्या पिशवीवर खडूनं आकडा टाकत. पिशवी नसेल तर पाठीवर. उतरताना पुन्हा वजन. कमी भरलं की दाजींचा एकच प्रश्न, "तूट कुटं गेली?"

माणसं चिडत. एकजण म्हणाला, हा काय रस्त्यातला दरोडा आहे का? दाजी शांतपणे म्हणाले, "दरोडेखोर काडून घेतो. मी इचारतोय, तुमचंच तुमी कुटं टाकलं?"  तो माणूस परत वर जाऊन सोड्याची बाटली घेऊन आला.

बायकांचा प्रश्न अवघड निघाला. चारचौघांत वजन सांगायला एकही तयार होईना. माझी बायको तर काट्याला वळसा घालून कुंपणातून गेली आणि साडी फाडून घेतली. शेवटी वहिनींनी तोड काढली. बायकांच्या वेळी दाजींनी आपली टोपी काढून काट्याच्या आकड्यांवर टाकायची आणि टोपीखाली एकट्यानं डोकावून बघायचं. मोठ्यानं सांगायचा तो फक्त फरक. "माज्या लग्नात काटा नव्हता हे नशीब," वहिनी म्हणाल्या. दाजी म्हणाले, "काटा नव्हता, पन अंदाज हुता."

वजन कमी भरणाऱ्यांचं एक वेळ ठीक. जास्त भरणाऱ्यांचं काय करायचं? पुढच्या उन्हाळ्यात, करवंदं पिकली तेव्हा, एका शाळेच्या बाई उतरल्या त्या भरपूर वाढूनच.

"करवंदं खाल्ली," त्या म्हणाल्या.

"पोटात नेली तरी नेलीच की बाई."

"पक्षी नाही का खात?"

दाजींना हा मुद्दा पटला. दोन दिवस त्यांनी विचार केला. पक्षी करवंद खातो पण बी डोंगरावरच टाकतो, माणूस ते गावाला घेऊन जातो, असा त्याचा निकाल लागला. तेव्हापासून करवंदं खायला परवानगी, पण बी गिळायचं नाही, तिथंच थुंकायचं. खाली उतरणाऱ्याला ते जीभ बाहेर काढायला लावत.

त्याच्या आधीच्या, काट्याच्या पहिल्या पावसाळ्याचा किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे. भिजलेला माणूस जड भरतो. मग खरं काय धरायचं? दाजींनी शांतारामला भर पावसात अंगणात उभं केलं. आधी कोरडं वजन घेतलेलं होतंच. धोतर, सदरा, घोंगडी, सगळ्यांसह ते चिंब होईपर्यंत उभे राहिले.

"आता येऊ का दाजी?"

"अजून थेंब निथळत्यात. निथळायचं थांबलं की पक्कं वजन."

"पाऊस थांबल्याबिगर निथळायचं थांबंल का दाजी?"

"मग थांबा."

समितीचा अध्यक्ष, साठीचा माणूस, पण जावयाला नाही म्हणता येत नाही म्हणून दुपार टळेपर्यंत उभा होता. त्यावरून भिजलेल्या माणसाची सूट ठरली. घोंगडीवाल्याला वेगळी, छत्रीवाल्याला वेगळी. शांतारामला नंतर ताप आला. दाजी रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसत आणि ताप उतरला की वजनही उतरतं का ते बघत.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा दाजी फार खुशीत होते. तूट संपली होती. उतरणारा प्रत्येकजण बरोबर भरत होता. घाम धरून, केळं धरून, अगदी काट्यात. "लोकं सुधारली बघा," ते म्हणाले. मी तिथं बसून चार-पाच मंडळींची वजनं बघितली. खरोखर फरक शून्याच्या आसपास. मला ते बरं वाटलं नाही. आयुष्यभर मी आकड्यांत काढलं आहे. खरा हिशेब थोडा इकडेतिकडे होतोच. इतका बरोबर आला की समजावं, कुणीतरी बसवलेला आहे. मी तसं दाजींना म्हणालो. ते माझ्यावर रागावले. "तुमच्या खात्यात बसवत असतील," म्हणाले आणि मला चहा विचारायचा विसरले.

त्याचा उलगडा उन्हाळ्यात झाला. वनपालसाहेब आठवड्याभरात पठार बघायला येणार असा निरोप आला होता आणि मी त्याच सुमारास गेलो होतो. वहिनी झापामागची कडब्याची गंजी उतरवत होत्या. एकदम ओरडल्या, "अवो, हे काय रचून ठिवलंय?"

कडब्याखाली दगड होते. मुठीएवढे, नारळाएवढे, काही त्याहून मोठे, शेवाळ धरलेले, मातीनं माखलेले. माझ्या अंदाजानं दोन ट्रॉल्या तरी सहज.

शांतारामला बोलावलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले.

"शांताराम, कुटले हे?"

"वरचेच हायत दाजी."

"वरचे म्हंजे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीला कंटाळून गिऱ्हाइकं परत जाऊ लागली तेव्हा वाटाड्या पोरांनी युक्ती काढली होती. पाहुणा पठारावर काय टाकायचं ते टाकी, आणि उतरताना पोरं त्याच्या पिशवीत अंदाजानं एक गोटा घालत. काट्यावर वजन बरोबर भरे. पुढे झापामागे जाऊन पाहुणा तो गोटा टाकून देई. बायका त्यावर कडबा ओढत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. दाजींना काटा उचला म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून गावानं डोंगरच थोडा थोडा खाली आणला होता.

"मला सांगितलं का न्हाई?"

"तुमी जावई. तुमाला काय म्हनायचं?"

"जावई हाय म्हनून डोंगर उतरून ठिवला व्हय?"

 दाजींनी त्यातला एक दगड उचलला, तळहातावर जोखला, खाली ठेवला, दुसरा उचलला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "एवढे दिवस यांना कुनी खोटं पाडलं न्हाई. आता दोन ट्रॉल्यांनी पाडलं." पण त्याही हसल्या नाहीत. पठारावर कचरा होता तसाच होता, उलट वर्षभराचा वाढला होता. साहेब येणार होते. वाट जाणार हे लहान पोरालाही समजत होतं.

गावाचं म्हणणं पडलं की दगड राहू द्या, आधी सगळ्यांनी वर जाऊन कचरा उचलू. मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. दाजी ऐकेनात.

"आदी घेतलेलं परत द्यायचं."

"दाजी, साहेब दगड मोजनार हाय का? साहेब कचरा बघनार हाय."

"साहेब काय का बघंना. डोंगराची तूट मी केली. मी भरनार."

आणि त्यांनी एक गोणपाट घेतलं, त्यात चार गोटे भरले आणि चढायला लागले. गुडघे धरलेला सत्तरीकडे झुकलेला जावई दगड घेऊन डोंगर चढतो आहे आणि गाव खाली बसून बघतं आहे, हे चित्र सासुरवाडीला सोसणारं नव्हतं. शांतारामनं गोणी भरली. मग वाटाडी पोरं, मग पिठलंवाल्या बायका. दुसऱ्या दिवसापर्यंत साऱ्या गावाची रांग लागली. मीही दोन खेपा केल्या.

काटा दाजींनी बंद केला नव्हता. तो आता वहिनींच्या ताब्यात होता आणि त्या नवऱ्याहून कडक निघाल्या. दगडाची गोणी घेऊन गेलेला माणूस रिकामा उतरला की विचारत, "भरून गेलास, रिकामा कसा?"

"आत्या, दगड ठिवले की वर."

"मला काय ठावं? तुमी काय काय ठिवता ते बघितलंय मी. भरून गेला तो भरून उतरंल."

म्हणून लोक रिकाम्या गोण्यांत वरचा कचरा भरून आणू लागले. वर दगड, खाली बाटल्या. बाटल्यांना वजन ते काय, त्यामुळे दहा किलो दगडांच्या बदल्यात माणसाला झुडपंन् झुडपं धुंडाळावं लागे. पठाराच्या कडेला, ओढ्यात, कपारीत अडकलेली पाकिटं लोक नखांनी ओढून काढत होते. कुणाच्या डोक्यात पठार साफ करायचं नव्हतं. सगळ्यांना फक्त वहिनींच्या तावडीतून सुटायचं होतं.

साहेब एक दिवस आधीच आले. त्यांना काय दिसलं, तर सगळं गाव डोक्यावर दगड घेऊन राखीव जंगलात चाललं आहे.

"हे काय चाललंय? वनहद्दीत बांधकाम?"

"बांधकाम न्हाई साहेब," शांताराम गोणी न उतरवता म्हणाले. "डोंगर परत लावतोय."

साहेबांना ते तीनदा सांगावं लागलं. जंगलातून दगड बाहेर नेणं गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं. जंगलात दगड परत नेणं कशात बसतं ते त्यांना आठवेना. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, तिकडूनही काही समजलं नसावं. शेवटी ते म्हणाले, "मी आधी पठार बघतो."

"चढा," वहिनी म्हणाल्या, "पन काट्यावरनं."

साहेब काट्यावर उभे राहिले. नियम म्हणून राहिले की गोंधळून, कोण जाणे. तासाभरानं परत आले. पठारावर कागदाचा कपटा नव्हता, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि ते सांगताना त्यांचा आवाज थोडा नाराज होता. तयारीनं आलेल्या माणसाला काही सापडलं नाही की होतो तसा. वाट उघडी राहील, ते म्हणाले. बायका एकदम बोलायला लागल्या, शांताराम खालीच बसले.

"साहेब," दाजी म्हणाले, "उतरल्यावरचं वजन ऱ्हायलं."

साहेब पुन्हा चढले. मी दाजींच्या मागेच उभा होतो, त्यामुळे आकडा मला दिसला. साहेब अर्धा किलोनं वाढले होते. त्यांचा चेहरा उतरला आणि हात विजारीच्या खिशाकडे गेला. खिसा फुगलेला होता. ती गारगोटी असणार, वरच्या ओढ्यात अशा चमकणाऱ्या खूप सापडतात. घरी कुणासाठी तरी घेतली असेल.

सगळं गाव बघत होतं. दाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि काट्याच्या आकड्यांवर टाकली. टोपीखाली डोकावून बघितल्यासारखं केलं.

"बराबर हाय," ते मोठ्यानं म्हणाले.

बाईमाणसाशिवाय त्यांनी टोपी टाकलेली ती एकच वेळ. साहेब परत डोंगराकडे वळले. काहीतरी वर विसरलं, एवढंच म्हणाले.

त्या वर्षी काजव्यांना गर्दी झाली. काटा होता, पण तूट पुन्हा पहिल्यासारखी थोडी इकडेतिकडे येऊ लागली आणि दाजींना ती आता आवडत असे. "खरी हाय," म्हणत. उरलेले दगड ते एकेक करून वर नेत राहिले. प्रत्येक दगड नेमका कुठला असेल यावर ते बराच वेळ घालवत. शेवाळ कुठल्या बाजूला आहे, माती लाल की काळी, सगळं बघत. बहुतेकदा अंदाज चुकत असणार. डोंगराला विचारायची सोय नव्हती.

माझी शेवटची भेट नवरात्रात झाली. जेवून निघालो, बायको पुढे एसटीच्या थांब्यावर गेली, मी चप्पल घालताना मागे वळून पाहिलं. वाटेच्या पहिल्या वळणावर दाजी उभे होते, मोकळ्या हातांनी, आणि त्यांच्यासमोर वनपालसाहेब गणवेशात, छातीशी एक मोठा चपटा दगड धरून.

"इथं ठेवू?" साहेबांनी विचारलं.

दाजी वाकून जमीन बघू लागले.

"न्हाई साहेब. इथं त्याला ऊन लागंल."

साहेबांनी दगड पुन्हा वर घेतला. दाजी पुढे चालू लागले, मागे न बघता, गुडघ्यावर हात ठेवत. साहेब दगड घेऊन त्यांच्या मागे. तिकडे एसटी हॉर्न वाजवत होती, बायको हाका मारत होती. मी धावत निघालो तेव्हा दोघं दुसऱ्या वळणावर थांबले होते आणि दाजी तिथंही मान हलवत होते.